आयर्लंडमधला माणूस सापडत नसेल, तर आधी त्याची जमीन शोधा

आयर्लंडमधल्या पूर्वजांचा शोध घ्यायला बसलं, की सुरुवातीलाच कोणीतरी सांगतं, ‘तिथलं सगळं दप्तर जळलं, उगाच वेळ घालवू नका.’ हे निम्मंच खरं आहे. जळलं ते मुख्यतः माणसं मोजणारं दप्तर. जमीन मोजणारं, खंड आणि कर वसूल करणारं, दंड ठोठावणारं दप्तर बरंचसं टिकलं, आणि तिथला साधा शेतकरी, कूळ, मजूर सापडतो तो त्यातच. त्याच्या जन्माची किंवा लग्नाची नोंद ठेवावी असं सरकारला फार उशिरा वाटलं. त्याच्याकडून काय वसूल करायचं, हे मात्र आधीपासून लिहिलं जात होतं.

आगीची हकीकत थोडक्यात अशी. डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठावर ‘फोर कोर्ट्स’ ही न्यायालयांची इमारत आहे आणि तिच्याच आवारात देशाचा दप्तरखाना होता. ब्रिटनशी झालेला तह मान्य नसलेल्या सैनिकांनी एप्रिल १९२२ मध्ये ही जागा ताब्यात घेतली. २८ जूनला नव्या आयरिश सरकारच्या फौजेनं तिच्यावर तोफा डागायला सुरुवात केली आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन दप्तरखाना पेटला. जळक्या कागदांचे कपटे शहरभर उडत होते. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांच्या घरोघरच्या याद्या जवळजवळ संपूर्ण गेल्या. चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिश-वह्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) गेल्या, शेकडो वर्षांची मृत्युपत्रं गेली. पण सगळा दोष आगीचा नाही. १८६१ आणि १८७१ च्या याद्या सरकारनं त्याआधीच नष्ट केल्या होत्या, तर १८८१ आणि १८९१ च्या याद्यांचा पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा झाला. त्यामुळे आज संपूर्ण मिळणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची आहे. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासूनची. कॅथलिकेतरांची लग्नं तेवढी १८४५ पासून नोंदलेली आहेत.

म्हणजे १९०१ च्या मागे गेलं की वाट खचते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात १८४५ ते १८५२ चा बटाट्याचा दुष्काळ येतो. सुमारे दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात आयरिश मुळं शोधणारे लोक बहुतेक याच काळाच्या अलीकडच्या काठावर अडकून पडलेले असतात. आपल्याकडे पुण्याच्या आणि देवळालीच्या छावण्यांत किंवा रेल्वेच्या नोकरीत आलेल्या आयरिश माणसांचे वंशजही तिथेच अडकतात. पलीकडे जायचं तर जमिनीचा पूल वापरावा लागतो.

आधी ठिकाण

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं वडिलांकडचं मूळ सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यात, वराड गावी आहे. ते आडनावावरूनच कळतं. आयरिश आडनावाचा असा उपयोग होत नाही. मर्फी हे तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. कॉर्क काउंटीत एकाच काळी जॉन मर्फी नावाची किती माणसं होती, हे मोजण्यात अर्थ नाही. नुसतं नाव घेऊन शोधणारा दोन तासांत चुकीच्या घराण्यात शिरतो आणि पुढची सगळी वंशावळ दुसऱ्याच कुणाची तरी होऊन बसते.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोण’ हा नव्हे, ‘कुठला’ हा. त्याचं उत्तर टाउनलँडपर्यंत पोचलं पाहिजे. टाउनलँड हा आयर्लंडमधला जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत तुकडा. गाव म्हणण्याइतकी वस्ती त्यात असेलच असं नाही. कधी दोन घरं आणि काही शेतं असतात, तर कधी नुसता डोंगर. असे ६० हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. अनेक टाउनलँड मिळून नागरी पॅरिश, पॅरिश मिळून बॅरनी, बॅरनी मिळून काउंटी, आणि अशा ३२ काउंट्या. एकच नाव अनेक काउंट्यांत येतं, त्यामुळे टाउनलँडबरोबर पॅरिश आणि काउंटी लिहून ठेवायची सवय पहिल्यापासून लावून घ्यावी. कॅथलिक पॅरिशच्या सीमा नागरी पॅरिशपेक्षा वेगळ्या असतात, इथे अनेकांची गल्लत होते.

या टाउनलँडांच्या सीमा आणि नावांची वर्तणी पक्की झाली ती १८२४ पासून सुरू झालेल्या ऑर्डनन्स सर्वेक्षणात. मैलाला सहा इंच या मापानं अख्खा देश कागदावर उतरवला गेला. जॉन ओ’डोनोव्हन नावाच्या विद्वानानं गावोगाव फिरून, स्थानिकांना विचारून, जुनी कागदपत्रं ताडून नावं ठरवली. याच कामासाठी थॉमस कोल्बी यांनी तयार केलेल्या मोजणीच्या पट्ट्या पुढे जॉर्ज एव्हरेस्ट भारताच्या महासर्वेक्षणासाठी घेऊन आले. आपल्या नकाशांचाही एक धागा तिथे जुळलेला आहे.

टाउनलँडचं नाव मिळतं कुठून? बहुतेक वेळा आयर्लंडबाहेरूनच. परदेशातल्या थडग्यावरचा लेख, चर्चमधली लग्नाची नोंद, मृत्यूची बातमी, घरात जपलेली पत्रं. पूर्वज ब्रिटिश फौजेत शिपाई असेल, तर त्याच्या निवृत्तीच्या कागदांवर जन्माची पॅरिश आणि काउंटी लिहिलेली असते. भारतात आलेल्या शिपायांच्या बाबतीत हीच सर्वांत खात्रीची सुरुवात. एवढं हाती येईपर्यंत आयर्लंडच्या दप्तरांना हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रिफिथचं मूल्यांकन

आता मुख्य दप्तराकडे. गरिबांसाठीच्या मदतीचा खर्च स्थानिक जमिनीवरच्या करातून काढायचा असं ठरलं, आणि त्यासाठी प्रत्येक जमिनीची, प्रत्येक घराची वार्षिक किंमत ठरवणं भाग पडलं. रिचर्ड ग्रिफिथ या भूगर्भशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली हे काम झालं आणि १८४७ ते १८६४ या काळात काउंटीमागून काउंटी छापून प्रसिद्ध झालं. दहा लाखांहून अधिक नावं त्यात आहेत. १८२१ ते १८५१ च्या जनगणना नसल्यामुळे दुष्काळानंतरच्या आयर्लंडची घरोघरची यादी म्हणून हेच वापरलं जातं, आणि ते इंटरनेटवर फुकट पाहता येतं.

पानावर टाउनलँडचं नाव वर, खाली रकाने. पहिल्या रकान्यात नकाशावरचा क्रमांक. मग जमीन कसणाऱ्याचं नाव, त्यानं ती ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव, जमिनीचं वर्णन, क्षेत्रफळ एकर, रूड आणि पर्चमध्ये (४० पर्चचा एक रूड, ४ रूडांचा एक एकर), मग जमिनीची किंमत, इमारतींची किंमत आणि बेरीज.

बरेच जण आपलं नाव सापडलं की पान मिटतात. खरी माहिती तर त्यानंतरच सुरू होते. एकाच टाउनलँडमध्ये दोन जॉन मर्फी असतील, तर कारकुनानं नावापुढे कंसात काहीतरी लिहून त्यांना वेगळं केलेलं असतं. ते कधी बापाचं नाव असतं, कधी धंदा, तर कधी केसांचा रंग. ‘जॉन मर्फी (पॅट)’ असं दिसलं तर तो बहुधा पॅटचा मुलगा. दुसऱ्या कुठल्याही कागदावर न मिळणारी एक पिढी त्या एका कंसात मिळू शकते. अनेक नावं एका महिरपी कंसानं जोडून सगळ्यांना मिळून एकच क्षेत्रफळ दिलेलं असेल, तर ती सामाईक कसणूक. पश्चिमेकडच्या काउंट्यांत ही ‘रनडेल’ पद्धत सर्रास होती आणि त्या नावांत नातेवाईक असण्याची शक्यता दाट असते.

मालकाचा रकानाही तितकाच मोलाचा. जमीनदाराचं नाव कळलं की त्याच्या इस्टेटीचे कागद शोधता येतात. त्यांत खंडाच्या वह्या, कुळांच्या याद्या, नकाशे, कुळांनी केलेले अर्ज असतात. यातले बरेच डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा बेलफास्टच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. खंड वर्षातून दोनदा, बहुधा १ मे आणि १ नोव्हेंबरला द्यायचा असे. वह्यांत या तारखांसमोर थकबाकी लिहिलेली दिसते, आणि एखादं कुटुंब कधी अडचणीत आलं हे त्या आकड्यांवरून कळतं.

शेवटच्या रकान्यातल्या चार पौंडांच्या आकड्याकडे मात्र नीट बघा. ज्या जमिनीची किंमत चार पौंड किंवा त्याहून कमी ठरली होती, तिच्यावरचा गरीब-कर कुळाऐवजी जमीनदारानं भरायचा, असा नियम १८४३ मध्ये झाला होता. दुष्काळात हा कर भरमसाठ वाढला. छोटी कुळं ठेवली तर कर आपल्या अंगावर, हुसकावली तर नाही. असा हिशेब मांडून अनेक जमीनदारांनी घरंच्या घरं पाडली. त्यातच १८४७ च्या एका कलमान्वये पाव एकराहून जास्त जमीन हाती असलेल्याला सरकारी मदत मिळेनाशी झाली. पोटाला हवं तर जमीन सोडा. ग्रिफिथच्या पानावर ज्याच्यासमोर दोन पौंड लिहिलेले आहेत, तो माणूस कशातून वाचून त्या पानापर्यंत आला, हे समजून वाचलं पाहिजे.

ग्रिफिथनंतर मूल्यांकन खात्याची माणसं वरचेवर फिरून तीच वही दुरुस्त करत राहिली. जुनं नाव खोडायचं, नवं लिहायचं, बाजूला साल टाकायचं, आणि दर वर्षाच्या दुरुस्तीला शाईचा रंग वेगळा. आपल्याकडे सात-बारावरचे फेरफार वाचून जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे ज्याला काढता येतं, त्याला या वह्या परक्या वाटणार नाहीत. वहीत जागा उरली नाही की ती रद्द करून नवी घेत, म्हणून यांना ‘रद्द वह्या’ म्हणतात. १८५५ चा जॉन खोडून १८७३ मध्ये मेरी लिहिलं असेल, तर जॉन त्या सुमारास गेला आणि मेरी त्याची विधवा, असा तर्क करून मृत्युनोंद शोधायची. मेरी खोडून १८९० मध्ये पॅट्रिक आला असेल, तर तो १९०१ च्या जनगणनेत त्याच टाउनलँडमध्ये भेटतो. आणि एखाद्या साली घरासमोर ‘पडलेलं’ असा शेरा येऊन सगळी नावंच थांबली, तर ते कुटुंब कधी बोटीत बसलं असेल, त्याचा काळ हाती येतो. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांच्या, म्हणजे आजच्या उत्तर आयर्लंडच्या, वह्या बेलफास्टच्या दप्तरखान्यानं संकेतस्थळावर फुकट ठेवल्या आहेत. दक्षिणेकडच्या डब्लिनमध्ये आहेत. तिथलं मूल्यांकन खातं, जमीन-नोंदणी आणि मोजणी खातं २०२३ मध्ये एकाच सरकारी संस्थेत विलीन झालं, हे जुनी माहितीपुस्तकं वाचताना ध्यानात ठेवावं.

दुष्काळाच्या अलीकडे नि पलीकडे

ग्रिफिथच्या मागची पायरी म्हणजे दशमांशाच्या वह्या, १८२३ ते १८३७ च्या. देशातले बहुसंख्य लोक कॅथलिक होते, तरी चर्च ऑफ आयर्लंड या सरकारमान्य प्रॉटेस्टंट चर्चच्या पोषणासाठी शेतीवरचा दशमांश सगळ्यांनाच द्यावा लागे. १८२३ च्या कायद्यानं तो रोख ठरवायचं काम सुरू झालं आणि त्यासाठी कसणाऱ्यांची नावं पॅरिशनिहाय लिहिली गेली. या वसुलीविरुद्ध १८३० च्या दशकात इतका असंतोष उसळला की त्याला ‘दशमांश-युद्ध’ असं नाव पडलं. ज्या वसुलीनं लोक पिळले गेले, तिच्याच वह्यांत आज त्यांची नावं वाचायला मिळतात. राष्ट्रीय दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर त्या फुकट आहेत. शहरं मात्र त्यांत नाहीत, बिनजमिनीचे मजूरही नाहीत.

इथे क्षेत्रफळाचा एक खड्डा आहे. या वह्यांतला एकर बहुतेक वेळा आयरिश एकर असतो, म्हणजे इंग्रजी एकराच्या सुमारे १.६२ पट. दशमांशाच्या वहीतले दहा एकर आणि ग्रिफिथमधले सोळा एकर ही एकच जमीन असू शकते. हे माहीत नसलेला माणूस ‘क्षेत्र जुळत नाही’ म्हणून आपलंच घराणं बाजूला टाकतो.

दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकाच टाउनलँडची नावं वाचावीत, असं मी प्रत्येकाला सांगतो. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली देशाची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. ही पडझड आकड्यांत कळते, पण दशमांशाच्या वहीत असलेली आणि ग्रिफिथमध्ये नसलेली आडनावं एकेक करून लिहून काढली की ती माणसांची होते. मेयो काउंटीतल्या स्ट्रेड इथल्या डेव्हिट कुटुंबाला १८५० मध्ये घराबाहेर काढलं गेलं तेव्हा मुलगा मायकल चार वर्षांचा होता. कुटुंब इंग्लंडला गेलं, अकराव्या वर्षी गिरणीच्या यंत्रात त्याचा हात गेला, आणि याच मुलानं १८७९ मध्ये कुळांची लँड लीग उभी केली. त्याचं नाव इतिहासात राहिलं. स्ट्रेडसारख्याच कुठल्यातरी टाउनलँडमधून निघालेल्या बाकीच्यांची नावं या दोन वह्यांच्या फरकातच शोधावी लागतात.

दुष्काळानं जमीनदारही बुडाले. खंड येईना, कर्जाचं व्याज थांबेना. अशा इस्टेटी विकून टाकायला १८४९ मध्ये खास न्यायालय स्थापन झालं, आणि १८५८ मध्ये त्याची जागा लँडेड इस्टेट्स कोर्टानं घेतली. लिलावाआधी खरेदीदारांसाठी पुस्तिका छापली जाई. तीत नकाशा, प्रत्येक कुळाचं नाव, खंड आणि भाडेपट्ट्याच्या अटी असत. भाडेपट्टा ‘तीन जिवांचा’ असेल तर मजकूर अधिकच बोलका होतो. अशा पट्ट्याची मुदत वर्षांत नसते, त्यात नाव घातलेल्या तिघांतलं शेवटचं माणूस मरेपर्यंत तो चालतो. साहजिकच कूळ आपली धडधाकट लहान मुलं निवडे. कधी एखाद्या राजपुत्राचं नावही घातलं जाई, कारण तो मेला तर साऱ्या जगाला कळणार. पुस्तिकेत ‘पट्ट्यातल्या जिवांपैकी पॅट्रिक, वय ४५, हयात’ असं दिसलं, तर १८०५ च्या आसपास जन्मलेला मुलगा आणि त्याचा बाप, दोघंही एकाच ओळीत मिळाले. चर्चची वही नसलेल्या पॅरिशमध्ये हा अगदी दुर्मीळ पुरावा आहे.

तीन जिवांच्या पट्ट्याचा आणखी एक फायदा. कायद्याच्या नजरेत तो मालकीसारखा धरला जाई, आणि वर्षाला ४० शिलिंग किमतीची अशी जमीन असणाऱ्याला मताचा हक्क होता. कॅथलिकांना हा हक्क १७९३ मध्ये मिळाला आणि १८२९ मध्ये अट दहा पौंडांवर नेऊन बहुतेकांचा काढून घेतला गेला. त्या मधल्या ३६ वर्षांतल्या मतदारांच्या याद्या जिथे टिकल्या आहेत, तिथे अठराव्या शतकात जन्मलेली अगदी साधी माणसं नावागावासह भेटतात.

दस्तांचं भांडार

डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर दस्तनोंदणीचं कार्यालय आहे. ते १७०८ मध्ये सुरू झालं, फोर कोर्ट्सपासून वेगळं राहिलं आणि म्हणून आगीतून वाचलं. सव्वातीनशे वर्षांच्या आसपासचा सलग संग्रह. मूळ दस्त पक्षकार घेऊन जाई, कार्यालयात राही तो त्याचा साक्षांकित गोषवारा. त्यात भाडेपट्टे, गहाणखतं, विक्री, लग्नाच्या वेळी दोन्ही घरांत झालेले मालमत्तेचे करार, काही मृत्युपत्रंही आहेत. लग्नाच्या करारात वधूवरांचे आईबाप, भाऊ, काका, विश्वस्त असे एका घराण्याचे दहा-दहा लोक नात्यासह येतात.

या कार्यालयाच्या जन्मामागचा हेतू मात्र चांगला नव्हता. १७०४ च्या कायद्यानं कॅथलिकांना जमीन विकत घ्यायला बंदी केली होती आणि ३१ वर्षांहून लांब पट्टाही घेता येत नव्हता. कॅथलिक माणूस मेला की त्याची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई. मात्र थोरला मुलगा चर्च ऑफ आयर्लंडमध्ये गेला, तर सगळी त्याला. हे नियम चुकवणारे व्यवहार उघड्यावर यावेत, हाही दस्तनोंदणीचा एक उद्देश होता. १७०९ मध्ये त्यावर कडी झाली. असा बेकायदा व्यवहार शोधून न्यायालयात दावा लावणाऱ्या प्रॉटेस्टंटाला ती जमीनच मिळू लागली. मग कॅथलिक घराण्यांनी तोड काढली. विश्वासातल्या प्रॉटेस्टंट मित्राला किंवा नातेवाइकालाच आपल्याविरुद्ध दावा लावायला सांगायचं, म्हणजे जमीन कागदोपत्री त्याच्या नावावर जाई, कसायला आपल्याकडेच राही. म्हणून अठराव्या शतकातला असा दावा किंवा अचानक झालेलं धर्मांतर दिसलं, की घराणं फुटलं असं लगेच समजू नये. पुष्कळदा जमीन वाचवायचा तोच मार्ग उरलेला असे. १७७८ मध्ये लांब पट्ट्यांना आणि १७८२ मध्ये खरेदीला मोकळीक मिळाली, आणि त्यानंतरच्या दस्तांत कॅथलिक नावं वाढत जातात.

इथे शोध घेणं किचकट आहे. सूची दोनच आहेत, जमीन देणाऱ्याच्या नावाची आणि जमिनीच्या नावाची. घेणाऱ्याच्या नावाची सूचीच नाही, आणि आपला पूर्वज बहुतेक वेळा घेणारा असतो. शिवाय १८३३ पूर्वीच्या नावांच्या सूचीत जमीन कुठली हे लिहिलेलं नसतं. त्यामुळे टाउनलँडवरून जमिनीच्या सूचीत शिरणं हाच बहुधा शहाणपणाचा रस्ता. गरीब कूळ स्वतः दस्त करत नसे, पण ‘सध्या अमुक आणि तमुक यांच्या वहिवाटीत असलेली जमीन’ अशा वर्णनात त्याचं नाव डोकावतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर या वह्यांच्या प्रतिमा फुकट आहेत, आणि स्वयंसेवकांनी दस्तांतल्या सगळ्या नावांची सूची करायचं काम चालवलेलं आहे. तारखांबाबत एक सूचना. १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी १७२९ म्हणजे आपल्या हिशेबानं १७३० चा फेब्रुवारी. आणि १८२६ पर्यंत आयरिश पौंड वेगळा होता, १३ आयरिश शिलिंगांना १२ इंग्रजी शिलिंग.

कोर्टाच्या वह्या

मला स्वतःला सर्वांत जिवंत वाटतात त्या छोट्या न्यायालयांच्या, ‘पेटी सेशन्स’च्या वह्या. १८५१ पासूनच्या वह्या मोठ्या संख्येनं टिकल्या आहेत. रकान्यांत फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, तक्रार, निकाल, दंड. खून-दरोडे इथे येत नसत. डुकरं रस्त्यावर मोकाट सोडली, गाढव शेजाऱ्याच्या ओटमध्ये शिरलं, कोंडवाड्यात घातलेली गाय जबरदस्तीनं सोडवून नेली, गाडीवर मालकाचं नाव नाही, बाजाराच्या दिवशी दारू पिऊन धिंगाणा, मजुरी बुडवली, वाट अडवली. दंड बहुधा काही पेन्स किंवा शिलिंग. यातून सुटलेलं घर आयर्लंडच्या खेड्यात क्वचितच असेल. भांडणं शेजाऱ्यांत आणि सख्ख्या भावांत असल्यामुळे दोन्ही बाजूंची आणि साक्षीदारांची नावं लिहून काढली की टाउनलँडमधले नात्यांचे धागे दिसू लागतात. याच न्यायालयांनी १८६६ पासून कुत्र्यांचे परवाने दिले. त्या नोंदींत मालक, टाउनलँड आणि कुत्र्याची जात व रंगसुद्धा आहे, आणि परवाना दर वर्षी घ्यावा लागत असल्यामुळे अमुक साली माणूस तिथे जिवंत होता याचा पुरावा मिळतो.

मोठे गुन्हे वरच्या न्यायालयात जात आणि तिथून माणूस तुरुंगाच्या वहीत येई. या वह्यांत उंची, डोळ्यांचा रंग, धर्म, लिहिता-वाचता येतं का, जन्मठिकाण हे सगळं असतं. ज्याचा फोटो कधी निघालाच नाही, त्याचा चेहरा निदान शब्दांत तरी मिळतो. १७९१ ते १८६८ या काळात हजारो आयरिश कैदी ऑस्ट्रेलियाला पाठवले गेले. ऑस्ट्रेलियात गाजलेल्या नेड केली या दरोडेखोराचा बाप टिपरेरी काउंटीतला. दोन डुकरं चोरल्याबद्दल १८४१ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली आणि तो टास्मानियाला गेला. अशा कैद्यांच्या नोंदींची सूची आयर्लंडनं १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाला भेट दिली. तीही खुली आहे.

मृत्युपत्रांचा कारभार १८५८ पर्यंत चर्चच्या न्यायालयांकडे होता, पुढे दिवाणी न्यायालयांकडे आला. मूळ कागद जळले तरी १८५८ नंतरच्या छापील वार्षिक सूची आहेत आणि जिल्हा कार्यालयांनी करून ठेवलेल्या नकला आहेत. त्याआधीच्या, १८०० पर्यंतच्या मोठ्या मृत्युपत्रांचे वंशावळीपुरते गोषवारे सर विल्यम बेथम यांनी काढून ठेवले होते, तेही वाचले.

आणि जळालेल्या जनगणनेचेही काही तुकडे अनपेक्षित जागी उरले आहेत. १९०८ मध्ये सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन देणारा कायदा झाला. पण १८६४ पूर्वी जन्मलेल्यांकडे वयाचा दाखला कुठून असणार? मग अर्जदार सांगे, आईबापाचं नाव हे, टाउनलँड हा, आणि कारकून १८४१ किंवा १८५१ च्या यादीत ते कुटुंब शोधून वय लिहून देई. यादी १९२२ मध्ये गेली, पण हे शोध-अर्ज राहिले. म्हातारपणी पाच शिलिंगांच्या आठवड्याच्या पेन्शनसाठी सांगितलेली आईबापाची नावं आज राष्ट्रीय दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर नुसत्या आडनावानं शोधता येतात. तुमचा थेट पूर्वज परदेशी गेला असला, तरी मागे राहिलेल्या त्याच्या भावानं किंवा बहिणीनं असा अर्ज केलेला असू शकतो, म्हणून भावंडांचीही नावं घालून पाहा.

कुळांच्या हाती जमीन आली ती १९०३ च्या विंडहॅम कायद्यानं आणि त्याच्या मागच्या-पुढच्या कायद्यांनी. सरकारी कर्जानं घेतलेल्या जमिनीची नोंदणी १८९१ च्या कायद्यानं सक्तीची होती, त्यामुळे त्या शेताचं नोंदणीपान आजही काढता येतं. हे व्यवहार पार पाडणाऱ्या लँड कमिशनचं प्रचंड दप्तर मात्र दक्षिणेत दीर्घकाळ लोकांसाठी जवळपास बंदच राहिलं आहे. माझ्या मते आयरिश घराण्यांच्या इतिहासावरचा हा मोठा अन्याय आहे, कारण त्यात जुन्या पट्ट्यांच्या आणि मालकीहक्काच्या पेट्याच्या पेट्या आहेत. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांचा भाग बेलफास्टमध्ये पाहता येतो.

आगीत नेमकं काय गेलं, याची यादी आपल्याकडे आहे ती हर्बर्ट वुड यांच्यामुळे. दप्तरखान्यातल्या या अधिकाऱ्यानं १९१९ मध्ये, म्हणजे आगीच्या तीनच वर्षं आधी, तिथल्या संग्रहाची तपशीलवार मार्गदर्शिका छापली होती. तिच्या आधारे जगभरच्या ग्रंथालयांतल्या नकला, उतारे आणि गोषवारे गोळा करून जळालेला दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभा करायचं काम डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं हाती घेतलं. जून २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षं होताना, ते सर्वांसाठी फुकट खुलं झालं. त्यात भर पडत असते, त्यामुळे आज टाउनलँडच्या नावाला काही मिळालं नाही तरी काही महिन्यांनी तेच नाव पुन्हा घालून पाहा.